तुरीच्या हंगामाआधी चार दात

४ ऑक्टोबर

आज सोयाबीनच्या प्रत्येक ढिगावर एकेकदा खोटं बोललो आणि एकदाही पकडला गेलो नाही. हे कुणाला तरी सांगावंसं वाटतं आणि सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी अकोल्याच्या बाजारात गफ्फारभाईंच्या डाळमिलसाठी माल पारखतो; तूर-हरभरा नसतो तेव्हा ते सोयाबीनचाही व्यापार करतात. ढिगातून मूठभर दाणे घ्यायचे, एक दाणा पुढच्या दातांत धरायचा. कट्कन तुटला तर वाळलेला, दबला तर ओला. किती ओला ते दाताला कळतं. मी शेकडा ओलाव्याचा आकडा सांगतो, त्यावर गफ्फारभाई हर्रासात, म्हणजे लिलावात, बोली लावतात. दाढीमिशा काळ्या होत्या तेव्हापासून हेच करत आलो.

उन्हाळ्यात हरभऱ्यातला एक खडा दाताखाली आला. वरचे दोन दात तिथेच राहिले, शेजारचे दोन महिनाभर डुगडुगून गेले. त्या दिवसापासून मी दाणा तोंडात टाकतो, जबडा हलवतो, जीभ टाळूला लावून कट् असा आवाज काढतो आणि अंदाजाने आकडा ठोकून देतो. मिशी झुपकेदार आहे आणि हसणं मी बंद केलंय. बाजारात कुणालाही पत्ता नाही. स्वतःच्या हुशारीचं स्वतःलाच कौतुक करावं लागतं, एवढंच दुःख.

मिलने ओलावा मोजायचं यंत्र घेतलंय. ते घेऊन वर्षाली नावाची पोरगी आमच्यामागे फिरते. पोरगी चांगली आहे, पण बिचारीला खोकला आहे. कोरड्या ढिगाजवळ एकदा खोकते, ओल्या ढिगाजवळ तीनतीनदा. ओल्या मालाची कुबट हवा सोसत नसावी. तिला अडुळशाचा काढा घे म्हणून सांगितलं. ती "हो काकाजी" म्हणाली आणि गफ्फारभाई उगाच दुसरीकडे पाहायला लागले.

९ ऑक्टोबर

वाईट बातमी. शेजारच्या मिलने डोमाजीला घरी बसवलं. डोमाजी माझ्याच वयाचा पारखी, त्याचे तर बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत. मालक म्हणाला म्हणे, यंत्र आहे, आता तुमचं काय काम? आज तो बाजाराच्या फाटकाशी चहा पीत बसला होता. आत यायचं काही कारण नाही आणि घरी करमत नाही. मला पाहून हात केला. मी घाईने आत सटकलो.

दातवाल्याची ही गत, तर माझं काय? सोयाबीनचं कसंबसं निभतं, पण जानेवारीत तूर येईल. मुहूर्ताच्या ढिगाचा पहिला दाणा आमच्या मिलकडून मीच फोडतो आणि सगळा बाजार भोवती उभा असतो. तिथे जिभेचा कट् चालायचा नाही. तोवर दात आले नाहीत तर फाटकाशी डोमाजीच्या शेजारी दुसरी खुर्ची टाकावी लागेल.

बायकोला, वच्छलेला, सांगितलं. तिला दातांचं ठाऊक होतंच. घरात काय लपतं? जेवताना भाकर दुधात कुस्करून देते. ती म्हणाली, "अकोल्यात नोका दाखवू, साऱ्या गावात बोभाटा होईन. अमरावतीले तुबा म्हणून एक दाताची डॉक्टरीण हाय. बिशीतल्या बाईनं सांगतलं."

"कोणत्या बाईनं?"

"हाय एक. तुमाले काय करायचं?"

दर महिन्याला पैसे जमवणाऱ्या बायकांच्या त्या बिशीत गफ्फारभाईंची बायको गुलनारभाभीही असते, म्हणून मी वच्छलेला बजावलं की भाभीच्या कानावर यातलं अक्षरही जाता कामा नये. "नाई जाणार," ती म्हणाली. बायको विश्वासाची आहे.

१५ ऑक्टोबर

अमरावतीला जायचं म्हणजे बाजारात कारण सांगायला हवं. माझे साडू खुशालराव बडनेऱ्याला असतात, रेल्वेतून निवृत्त. त्यांना बरं नाही, पाहून येतो, असं गफ्फारभाईंना सांगितलं. "काय झालं?" असं विचारलं तेव्हा घाईत तोंडून निघालं, "पित्ताशय."

बडनेऱ्याला उतरून ऑटोने अमरावती. डॉक्टर तुबा अगदी तरुण आहे. भिंतीवर गफ्फारभाईंच्या डाळमिलचं कॅलेंडर दिसलं. बघा, जाहिरात कुठवर पोचलीये!

तिने आरशात मला माझंच तोंड दाखवलं. किती दिवसांनी पाहिलं. पाहायला नको होतं.

मग तीन रस्ते सांगितले. काढघालीची कवळी, ती स्वस्त आणि लवकर, पण हलते आणि खालचं हाड वर्षागणिक झिजत जातं. दुसरा पूल, त्यासाठी शेजारचे चांगले दात घासून बारीक करावे लागतात. माझे शेजारचे दात आधीच हलतात, म्हणून तो रस्ता बंद. तिसरं इम्प्लांट, म्हणजे हाडात दोन स्क्रू बसवायचे, हाड त्यांना धरून घेईपर्यंत तीनचार महिने थांबायचं, मग त्यांवर चार दात चढवायचे.

"हाडात स्क्रू?" मी म्हणालो. "मी काय खाट आहे का?"

"सुन्न करून करतो, काकाजी. तुमाले कळणार बी नाई. पण शुगर ताब्यात पाहिजे अन् तंबाखू बंद. नाईतर हाड स्क्रूले धरणार नाई, साऱ्या मेहनतीवर पाणी."

"आणि बसले की घरच्या दातांसारखे?"

ती थोडी थांबली. "मजबूत राह्यतीन. भाकर खा, फुटाणे बी खासाल. पण एक गोष्ट आताच सांगून ठेवतो. आपल्या दाताच्या मुळाभोवती बारीक गादीवानी असते, तिच्यातून कळते का काय चावलं. या दाताले थे नाई. तूर फोडता येईन तुमाले. पण तूर कळन का, याची ग्यारंटी मी देत नाई."

मी तिला तुरीबद्दल एक शब्द बोललो नव्हतो! माझी बोटं पाहून ओळखलं असेल. पोरगी भारी हुशार आहे. पण हे गादीबिदीचं पटलं नाही. दात म्हणजे दात. तुटला तर वाजेल, वाजला तर कळेल.

१९ ऑक्टोबर

चार दिवस ढीग पारखावा तसा हा सौदा पारखतोय. कधी घ्यावंसं वाटतं, कधी खाली टाकावंसं. खर्च मोठा आहे, पण तो वच्छलेने एका वाक्यात उडवला, "म्हातारपणी दातातच घालावं, बाकी कशात घातलं त आपण खात नाई." चिरफाडीची भीती वाटते. ती कुणाला सांगणार? डॉक्टरीण म्हणाली की शंभरातले थोडे स्क्रू बसतही नाहीत, काढावे लागतात. ते थोडे म्हणजे मीच असणार, अशी माझी खात्री. शिवाय बसल्यावरही रोज बारीक ब्रशने खालून साफ करत राहायचं, नाहीतर हिरडी सुजते. म्हणजे पोर सांभाळल्यासारखंच.

दुसरीकडे भाकर. कुस्करलेली नाही, मोडलेली. आणि फुटाणे. आणि जानेवारीतला तो ढीग.

सगळ्यात अवघड तंबाखू. वच्छलेने डबी मागितली. मी म्हटलं, विचार करतो. तिने विचार करायला वेळ दिला नाही, डबी उचलून नेली.

२३ ऑक्टोबर

आज एका ढिगावर मी "दहा" म्हणालो. वर्षालीला तीनदा ठसका लागला. गफ्फारभाई बोलीचा हात वर नेत होते, तो मध्येच डोकं खाजवायला वळवला आणि ढीग सोडून दिला. मी दहा सांगूनही! मालकाचं मन अलीकडे चंचल झालंय. वय झालं.

वर्षालीला काढ्याची बाटली दिली, घरी केलेली. दोन वेळा घे म्हटलं.

११ नोव्हेंबर

झालं. दोन स्क्रू हाडात आहेत. डॉक्टरीण खरं बोलली, दुखलं नाही. घरघर मात्र कवटीत ऐकू आली, शेजारच्या घरी बोअर मारताना येते तशी. मी डोळे मिटून हनुमानाचं नाव घेतलं. ती म्हणाली, "काकाजी, बोलू नोका, नळी हालते." हनुमानाने मनातल्या मनात घेतलेलं मान्य केलं असावं.

वच्छला सोबत होती. परतताना बडनेऱ्याच्या फलाटावर तिने माझ्या सुजलेल्या ओठाकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की शेजारच्या बाईने तिला पाणी दिलं.

बाजारात खुशालरावांच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झाल्याचं सांगितलं. तोंडाची सूज? रात्रभर जागरण, दुसरं काय.

१४ नोव्हेंबर

गफ्फारभाईंनी वरूडच्या बागेतून संत्र्यांची पेटी मागवली आणि माझ्या हातात दिली. "साडूले द्या, शालिकभाऊ. ऑपरेशनवाल्या माणसाले ताकद पाहिजे. रसच द्या म्हणा, चावायले नोका देऊ." रस कशाला, पित्ताशयाला काय चावायचं असतं? पण माणूस प्रेमळ.

रोज रस पितोय. संत्री अप्रतिम आहेत.

८ डिसेंबर

घात होता होता टळला. आज भर हर्रासात खुशालराव बाजारात! अकोल्याला लग्नाला आले होते, म्हटलं साडूला भेटावं. गोल गरगरीत, लालबुंद, हातात भज्यांचा पुडा. मी त्यांना पोत्यांच्या थप्पीमागे ढकलणार, तोच गफ्फारभाई समोर आले.

"काय म्हणते तब्येत?" त्यांनी खुशालरावांना विचारलं.

"ठणठणीत!"

"पाहा बरं," गफ्फारभाई माझ्याकडे वळले, "आमच्या वरूडच्या संत्र्याचा गुण."

खुशालराव माझ्याकडे पाहायला लागले. मी त्यांच्या तोंडात भजं कोंबलं. थोडक्यात वाचलो. देवाने मला वेळेवर सुचण्याची देणगी दिली आहे, हे नम्रपणे नोंदवतो.

वर्षालीचा खोकला तसाच. बाटली संपली म्हणते. मला शंका आहे, पोरगी काढा ओतून देते.

२ जानेवारी

डॉक्टरीण म्हणते हाड छान धरतंय, पण पक्के दात फेब्रुवारीतच. घाई केली तर स्क्रू हलेल. मी म्हटलं, तुरीचा मुहूर्त या महिन्यातच आहे. ती म्हणाली, "मुहूर्ताले हाड थोडीच आयकते?" स्क्रू बसवल्यावर तिने दिलेली तात्पुरती कवळी वापरतोच आहे. हसायला चालते, पण कवळीने काहीही फोडायचं नाही अशी ताकीद आहे.

शुगर ताब्यात आहे. तंबाखू सोडल्यापासून मी वच्छलेवर इतका चिडतो की ती म्हणते, "दात येऊन राह्यले बाप्पा, लेकराले तापच असते."

१३ जानेवारी

तुरीचा मुहूर्त.

शेतकऱ्याला शेला-नारळ दिला, नारळ फुटला, सगळे ढिगाभोवती जमले. डोमाजीही फाटकाशी न बसता आत आला होता, पाहायला. मी दाणा तोंडात घातला, जीभ टाळूला लावली आणि कट् करताना जोर जास्त झाला. कवळी सुटून तुरीच्या ढिगात पडली.

मी क्षणात वाकलो, ओंजळभर तूर उचलली, कवळीसकट खिशात घातली आणि मिशीवर हात ठेवून "अकरा" म्हणालो. वर पाहतो तर सगळे, अगदी सगळे, मान वर करून आभाळाकडे बघत होते. शेतकरी, अडते, हमाल, गफ्फारभाई. जानेवारीच्या आभाळात पाहण्यासारखं काय होतं कोण जाणे. मीही पाहिलं. काही नव्हतं. डोमाजी तेवढा खाली पाहत होता आणि त्याचे खांदे हलत होते. रडत असावा बिचारा, जुने दिवस आठवून.

वर्षाली एकदाच खोकली. गफ्फारभाईंनी चढी बोली लावली.

कुणाच्याही लक्षात आलं नाही. पण घरी आल्यावर मी खिसा वच्छलेसमोर उलटा केला. असं किती दिवस लपवणार? वच्छलेने खिशातली तूर निवडली, कवळी धुतली आणि तुरीचं वरण केलं.

१८ फेब्रुवारी

चार दात बसले! आरशात पाहिलं तर एक माणूस हसला, तो ओळखीचा निघाला.

डॉक्टरीण पुन्हा तेच बोलली, "आठ दिवस जपून, काकाजी. अन् मी जे सांगतलं थे ध्यानात ठेवजा." मी म्हटलं, बाई, आता मागे कशाला जाता. निघताना ती फोनवर कुणाला तरी सांगत होती, "हो मामू, बसवले. खुश हायेत." तिच्या मामांच्या घरीही कुणीतरी दात बसवलेले दिसतात. सगळ्या घरी हीच रड.

२६ फेब्रुवारी

आठ दिवस संपले. वच्छलेने ज्वारीची भाकर, ठेचा आणि कांदा वाढला. कुस्करला काहीच नव्हता. मी भाकर मोडली, पुढच्या दातांनी तोडली आणि खाल्ली. ती समोर बसून पाहत होती. "लागते का बरोबर?" तिने विचारलं. मी दुसरा तुकडा मोडला आणि ठेच्यात बुडवला. मग तिनेही आपलं ताट वाढून घेतलं. इतके महिने ती माझ्याबरोबर दूधभाकरच खात होती, हे माझ्या आज ध्यानात आलं.

उद्या बाजार. उद्या खरा कट्.

२७ फेब्रुवारी

सगळं नीट लिहितो.

पहिला ढीग तुरीचा, लाल टपोरा. दाणा दातांत धरला, फोडला. कट्! असा आवाज की पलीकडचा हमाल वळला. आणि मग काहीच नाही. वाळलेला की दमट, कडक की चिवट, दाताने काही सांगितलंच नाही. दुसरा फोडला, तिसरा फोडला. सगळे सारखेच तुटले. अडकित्त्याला जसं कळत नाही की सुपारी कसली आहे, तसं. डॉक्टरीण शब्द न् शब्द खरं बोलली होती.

इतके महिने, हाडातले स्क्रू, तंबाखू, साडूचं पित्ताशय, सगळं ज्या एका क्षणासाठी केलं, तो क्षण आला आणि तोंडात चार देखणे दगड. आकडा सुचेना. अंदाजही सुचेना. फाटकाशी डोमाजीची खुर्ची दिसत होती. मी चौथ्या दाण्यासाठी ढिगात हात घातला.

तेवढ्यात वर्षाली खोकली. एकदा, दोनदा, तीनदा.

मी अजून एक अक्षर बोललो नव्हतो. तरी गफ्फारभाईंचा वर गेलेला हात खाली आला आणि डोकं खाजवायला लागला. ते माझ्याकडे पाहतच नव्हते. ते तिच्याकडे पाहत होते. तिच्या हातात यंत्र होतं, चालू.

म्हणजे उन्हाळ्यापासून.

मला सगळे ढीग एकदम आठवले. तो दहाचा, ज्यावर बोली फिरली होती, तोही. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. मालक आकडा यंत्राचा घेत होता आणि मान मला देत होता. डोमाजीच्या मालकाने एका वाक्यात जे केलं, ते करायला गफ्फारभाईंना काय लागलं असतं? त्याऐवजी त्यांनी एका पोरीला खोकायला शिकवलं. डोळ्यांत पाणी आलं. तुरीची धूळ म्हणून पुसलं.

मग मी मिशीला पीळ दिला आणि मोठ्याने म्हणालो, "ओला माल. तेरा."

वर्षालीने यंत्र पाहिलं आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. "तेराच आहे, काकाजी!"

पुढच्या ढिगावर कट् केलं आणि थांबलो. एक खोकला. "दहा, कोरडा." त्याच्यापुढे दोन. "साडेअकरा." सगळा बाजार माझ्या मागे फिरत होता. हमाल म्हणाले, नवे दात जुन्यांपेक्षा तेज आहेत. इम्प्लांटचा याहून मोठा फायदा डॉक्टरिणीलाही सांगता आला नसता.

दुपारी चहाला गफ्फारभाई शेजारी बसले. बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

"साडू कसे हायेत, शालिकभाऊ?"

"पूर्ण बरे," मी म्हणालो. "घरच्यांनी भारी सांभाळलं त्यांना."

"सांभाळाच लागते. जुना माणूस कुठं मिळते आता?" त्यांनी चणे पुढे केले. मी मूठभर घेतले आणि चावले. तेही हसत होते, मीही. दोघंही साडूबद्दलच बोलत राहिलो.

संध्याकाळी घरी आलो तर गॅसवर अडुळसा उकळत होता. वच्छला म्हणाली, "त्या पोरीसाठी चांगला जहाल काढा केला. आता दोन दिवसांत खोकला बसते की नाई पाहा."

मी गॅस बंद केला.

"राहू दे," म्हटलं. "हंगाम संपेपर्यंत खोकू दे तिला."